पंतांच्या सह्या

आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राजापूरजवळच्या आमच्या गावाहून ठाण्याला आली ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दारातच थबकली. हातातली पिशवी खाली ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत. नाक वर करून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे हुंगलं आणि म्हणाली, "कसला गो हा वास? बोका मुतलाय घरात."

दीड महिना मी हे आल्यागेल्यापासून लपवत होते. उदबत्त्या लावत होते, खिडक्या सताड उघड्या टाकत होते, "पावसात कपडे वाळत नाहीत हो" असं सांगत होते. पाहुणेही सभ्य होते, मान डोलवत होते. आत्याला सभ्यपणाची सवय नाही.

पंत म्हणजे आमचा बोका. पिवळा, पाच वर्षांचा, पावणेसहा किलोचा. चालण्यात जुन्या कारभाऱ्याचा रुबाब, म्हणून पंत. सात महिन्यांचा असताना त्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर चार-साडेचार वर्षं त्यानं ट्रेबाहेर थेंब सांडला नव्हता. जूनच्या शेवटी पहिल्यांदा हॉलच्या पडद्याच्या खालच्या काठावर ओली रेघ दिसली. मग सोफ्याच्या कोपऱ्यावर, मग दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर. एकदा तर माझ्या ऑफिसच्या बॅगेवर. ती बॅग घेऊन मी ठाण्याहून भायखळ्याला गेले आणि सकाळच्या लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा घाटकोपरपर्यंत रिकामी राहिली. मध्य रेल्वेनं जाणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढचं बोलणं दोन शनिवार-रविवारचं आहे. आत्याला चुलीच्या धुरापाशी, म्हणजे इथे गॅसपाशी, जायची बंदी होती, वाकायचीही बंदी होती; म्हणून ती डायनिंग टेबलाशी काळा चष्मा लावून बसायची आणि भिजवून मोड आणलेले वाल सोलायची. श्रावण होता, डाळिंब्यांची उसळ दर दोन दिवसांनी व्हायची. मी समोर बसून तिच्या निम्म्या वेगानं सोलायचे.

"खच्ची केलाय म्हणाली होतीस ना याला?"

"केलाय."

"मग डॉक्टरनं फसवलं तुला."

"नाही गं. ऑपरेशननं बहुतेकांचं थांबतं, सगळ्यांचं नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिसला बेंजामिन हार्ट म्हणून पशुवैद्यक होते, त्यांनी १९८४ साली याचा हिशेब मांडला. वयात यायच्या आधीच ऑपरेशन झालेल्या बोक्यांपैकी साधारण दहा टक्के पुढे कधीतरी फवारायला लागतात. मांजरींपैकी पाच टक्के."

"भाट्यासुद्धा?" आत्याचा हात थांबला. मादी मांजराला ती अजून भाटीच म्हणते.

"भाट्यासुद्धा."

हे तिला आवडलं. मग म्हणाली, "आमच्या पवळ्या बैलाला खच्ची करून चार वर्षं झाली होती. तरी गाय दिसली की दावं ताणायचा. बाबा म्हणायचे, आंडं गेली तरी डोकं कुठे जातं?"

जे मला समजून घ्यायला तीन लेख वाचावे लागले ते माझ्या आजोबांनी एका वाक्यात संपवलं होतं. ऑपरेशननं संप्रेरक जातं, काही दिवसांत किंवा आठवड्यांत रक्तातून उतरतं. पण नराचा मेंदू नर म्हणून घडायला लागतो तो जन्माच्याही आधी. फवारायचं कसं, हे त्याला ठाऊकच असतं. एरवी कारण पडत नाही, म्हणून तो ते करत नाही.

"आणि एखादं आत राहिलं असेल तर?" आत्यानं वाल तोंडात टाकावा तितक्या सहज विचारलं.

"तेही बघितलं डॉक्टरांनी. बोक्याच्या इंद्रियावर बारीक काटे असतात. संप्रेरक संपलं की ते जातात. पंतांचे गेलेत."

आत्यानं तोंडाला पदर लावला. "तुझ्या आजोबांपुढे बोलली असतीस असलं?"

"बैलाचं तर तेच बोलायचे ना?"

"बैलाचं वेगळं."

आमचा खरा वाद सुरू झाला तो एका शब्दावरून. ती सारखी "मुततो" म्हणत होती आणि मी सारखी "फवारतो" अशी दुरुस्ती करत होते. तिला वाटलं, मी शहरी सोवळेपणा करतेय. शेवटी मी उठून करून दाखवलं. मुतायचं असेल तर मांजर खाली बसतं, जमीन उकरतं, थारोळं करतं आणि वर माती ओढतं. फवारताना ते उभंच राहतं. भिंतीकडे पाठ करतं, शेपूट सरळ वर उभारतं, शेपटीचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी मळल्यासारखे हलतात आणि वीतभर उंचीवर चमचाभर पिचकारी बसते. झाकाझाकी काही नाही. झाकायचं असतं तर लिहिलं कशाला असतं?

"लिहिलं?"

"सही असते ती. मी इथे राहतो, अमुक वेळी इथे होतो, असं."

"कोणाला दाखवायला?"

मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते माहीत नव्हतं. मी दीड महिना पंतांकडे बघत होते. तपासण्या, ट्रे, खाणं, सगळं त्याच्याभोवती. सही वाचणारा कोण, हा प्रश्न वाल सोलणाऱ्या बाईनं विचारला. मला तो सुचला नव्हता.

आत्याच्या मते यात आजार, मानसशास्त्र काही नव्हतं. गावाकडच्या घरात पडवीच्या खांबांवर बोके पिढ्यान्‌पिढ्या पिचकाऱ्या मारत आलेत. शेणानं सारवलेली जमीन, चारी बाजूंनी वारा, शेजारी गोठा. त्यात बोक्याचा वास कोणाच्या नाकात बसणार? "तुम्ही मांजराला साडेपाचशे चौरस फुटांत कोंडलंत, खिडकीला जाळी मारलीत, खाली टाइल्स घातल्यात आणि आता म्हणता, वास येतो. त्याचं गाव काढून घेतलंत तुम्ही. सोड त्याला बाहेर. चार दिवसांत घरातलं बंद होईल."

मला राग आला, कारण त्यात तथ्य होतं. बाहेर जाणारं मांजर आपल्या सह्या बहुतेक बाहेर करतं, हे खरं आहे. पण मी विचारलं, "आत्या, तू लहान असल्यापासून आपल्याकडे किती मांजरं झाली?"

ती मोजायला लागली. मोजायला तिनं वालाची सालं घेतली आणि टेबलावर एकेक मांडत गेली. मनी, तिला बिबट्यानं परसातून उचललं. काळा, वाडीतल्या कुत्र्यांनी फाडला. ठिपकी विहिरीत पडली. सोन्या गेला तो आलाच नाही. दोन पिल्लं परक्या बोक्यानं मारली. एक एसटीखाली. एक तर पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर बाबांनी स्वतः... ते साल तिनं ठेवलं आणि वाक्य सोडून दिलं. चौदा सालं झाली.

"यातली म्हातारी होऊन किती गेली?"

आत्या बराच वेळ सालांकडे बघत राहिली. "एक," ती म्हणाली. "तुझ्या जन्माआधी. चुलीपाशी निजायची."

आमच्या सोसायटीबाहेर सहापदरी रस्ता आहे. बोक्यांच्या मारामाऱ्यांत चावण्यातून पसरणारा एक विषाणू मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू संपवतो, त्यावर इलाज नाही. पंत तिसऱ्या मजल्यावरून खाली गेला होता तो फक्त वेताच्या टोपलीतून, डॉक्टरांकडे. मी त्याला सोडणार नव्हते. आत्यानं सालं गोळा केली आणि हा विषय परत काढला नाही. पण "कोंडलंत" हा शब्दही मागे घेतला नाही, आणि मी तो मागे घ्यायलाही सांगितलं नाही.

सोडण्याची एक दुसरी रीतही महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पोत्यात घालायचं, स्कूटरवरून मासळीबाजारात न्यायचं आणि तोंड फिरवून परत यायचं. तिथे खायला मिळतं, अशी मनाची समजूत. आत्यानं सुचवलं नाही, पण शेजारच्या काकांनी जिन्यात गाठून मला पत्तासुद्धा सांगितला. पाळलेलं जनावर उपाशी मरायला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. तो कायदा त्यांना जिन्यातच सांगितला, तेव्हापासून ते लिफ्टनं जातात.

दुसऱ्या दिवशी उपायांची यादी निघाली.

"नाक घासायचं त्यात. आणि केरसुणी दाखवायची."

"घासलं होतं," मी कबूल केलं. "दुसऱ्याच आठवड्यात."

"मग?"

"मग तो दोन दिवस पलंगाखाली राहिला, आणि पलंगाच्या पायावर सही केली."

मांजराला तासाभरापूर्वीची पिचकारी आणि आत्ताची केरसुणी यांचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की या बाईचा भरवसा नाही. आधीच बिथरलेलं मांजर आणखी बिथरतं, आणि बिथरलेलं मांजर काय करतं ते आपण पाहतोच आहोत.

"बरं, काळं फिनाईल टाक. वासच मरतो."

इथे मात्र मी आवाज चढवला, कारण ही चूक मी स्वतः केली होती. काळ्या फिनाईलमधली फिनॉलच्या जातीची द्रव्यं निकामी करण्याची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. ते पुसलेल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं. याच उणिवेमुळे आपण तापात घेतो ती पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतते. डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात टाकणं, निलगिरीचं तेल शिंपडणं, हेही त्याच पंगतीतलं. आणि ब्लीच तर नकोच. लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा जो धूर होतो तो आपल्याच छातीत बसतो. मी पहिल्या आठवड्यात फिनाईल फासलं तेव्हा पंतांनी पुसलेल्या जागा हुंगल्या, तोंड अर्धवट उघडं टाकून विचार केला आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक जागी नव्यानं सही केली. कोणीतरी त्याच्या सहीवर मोठा शिक्का मारला होता ना!

"मग धुतेस कशानं?"

"आधी जुन्या टॉवेलनं टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग साधं पाणी. मग विकरांचं औषध मिळतं बाटलीत, ते भिजेपर्यंत ओतायचं आणि आपोआप वाळू द्यायचं."

"विकर?"

"दुधाचं दही जंतू करतात ना, तसं लघवीचे तुकडे करणारं काहीतरी."

मांजराच्या लघवीतल्या युरिक आम्लाचे कण पाण्यात सहज विरघळत नाहीत. वाळले की वास जातो, आपल्याला वाटतं सुटलो. मग हवेत ओल आली की तेच कण परत बोलायला लागतात. म्हणून मार्चमध्ये स्वच्छ वाटणारा सोफा जुलैत घाण मारतो. व्हिनेगरनं वास दबतो, कण तिथेच राहतात. मी रात्री दिवे घालवून जांभळ्या प्रकाशाच्या छोट्या बॅटरीनं घर तपासलं तेव्हा पडद्यामागची भिंत नागाच्या फण्यासारख्या सात ठशांनी चमकली. मला चारच ठाऊक होते.

"आणि बॅग?" आत्यानं विचारलं. "ती का भिजवली? तू दिवसभर बाहेर राहतेस म्हणून. डूख धरतात मांजरं."

हे मला लागलं. कारण मीही तेच मानत होते आणि त्याबद्दल रात्री रडलेही होते.

"डूख नाही," मी म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं मी तिला सांगत होते, की स्वतःला, कोण जाणे. "घाबरलेलं मांजर आपल्या माणसाच्या वस्तूवर आपला वास मिसळतं. आणि बाहेरून येणाऱ्या वस्तूवर परका वास असला की त्यावर हटकून. चपला, छत्री, बॅग."

"कुणाचा परका वास?"

"असेल कुणाचाही. लोकलमध्ये..."

"लोकलमध्ये मांजरं येतात?"

मी गप्प बसले. आत्या सोलत राहिली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "संध्याकाळी येताना गेटापाशी थांबतेस तू. वरून दिसतं मला. नव्या डोळ्यानं लांबचं फार छान दिसतं."

गेटापाशी एक काळा-पांढरा बोका असतो. भरला, रुंद जबड्याचा, कान फाटलेला. मी मे महिन्यापासून त्याला रोज मूठभर खाऊ घालते. खाताना तो बॅगेला अंग घासतो. मला ते प्रेम वाटायचं.

"तोच दुपारी दोनच्या सुमारास वर येतो," आत्या म्हणाली. "पाइपावरून चढून छज्ज्यावर. तुझ्या एसीचं यंत्र आहे ना बाहेर, त्यावर बसतो, खिडकीला नाक लावून. आतून हा तुझा पंत फुगतो, घशातून गुरगुरतो. तो मजेत शेपटी वर करतो, भिंतीवर मारतो आणि जातो. मग हा पडद्याकडे पाठ करून उभा राहतो. चार दिवस बघतेय मी. आणि वास म्हणतेस तो निम्मा तुझ्या बोक्याचा नाहीच. खिडकी उघड आणि हुंग. बाहेरचा उग्र आहे, डोळ्यांत जाणारा. आतला पातळ आहे."

मी खिडकी उघडली आणि हुंगलं. खरंच दोन वास होते.

नाकाची ही करामत मी नंतर तपासून पाहिली. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्यात गंधक आहे आणि ते हवेत फुटलं की बोक्याचा तो ओळखीचा दर्प सुटतो. ऑपरेशन न झालेल्या नरात ते सगळ्यात जास्त, झालेल्यात पुष्कळ कमी. ते तयार व्हायला मदत करणारं प्रथिन जपानी संशोधकांनी शोधून २००६ साली त्याची मांडणी केली. आत्याला ते राजापूर तालुक्यात नुसत्या नाकानं माहीत होतं. तिच्या बाकीच्या उपायांत एकही धड नव्हता, हेही इथे नोंदवायला हवं.

यावर तिनं लगेच विजय जाहीर केला. "बघ! आजार नाही, बिजार नाही. तुझ्या डॉक्टरनं उगाच सुया टोचल्या."

हे मात्र मी मान्य केलं नाही, आजही करत नाही. आधी तपासणी, मग बाकी सगळं. पंतांच्या पोटातून सुईनं लघवी काढली होती, सोनोग्राफी केली होती, खडे नाहीत, जंतू नाहीत, साखर नाही, हे पाहिलं होतं. म्हणून तर आम्ही दोघी निवांत वाल सोलत सही-सही म्हणू शकत होतो. मांजर आपलं दुखणं लपवतं. नळी जळजळते म्हणून ते ट्रे टाळतं आणि आपण म्हणतो, माजलाय. त्यातही बोक्याची नळी फार अरुंद. कधी वाळूसारख्या कणांनी, कधी सुजेनं ती बंद होते. तो सारखा बसतो, जोर करतो, ओरडतो, चाटतो, आणि थेंब पडत नाही. मग रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. एक-दोन दिवसांचा खेळ असतो तो.

आत्याचा हात पुन्हा थांबला. या वेळी बराच वेळ.

"सोन्या गेला तो आला नाही, असं मी म्हटलं ना काल," ती म्हणाली. "तो गेला नव्हता. चुलीच्या राखेत बसायचा, उठायचा, परत बसायचा. आई ओरडली, राख घाण करतो म्हणून. मीच त्याला चिमटा मारला. तिसऱ्या दिवशी गोठ्यात मिळाला. पोट दगडासारखं होतं."

साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिनं चष्मा काढला नाही. डोळ्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तिच्या पुढ्यातले वाल माझ्या वाटीत ओढून घेतले.

थोड्या वेळानं मीच राखेवरून विषय वळवला. ट्रेमधली ती मातीसुद्धा राखेच्याच जागी आली आहे, असं तिला सांगितलं. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या माणसाची शेजारीण मांजरासाठी राख वापरून कंटाळली होती. घरभर काळे पंजे उमटायचे. त्यानं तिला गिरणी-कारखान्यात तेल टिपायला वापरतात ती दाणेदार माती दिली. तिथून धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीचीच बहीण.

"मुलतानी माती मांजराला?" आत्या म्हणाली. "आणि आम्ही तोंडाला लावायला मागितली तर आई पैसे द्यायची नाही."

आमचा ट्रे बाल्कनीत होता, वॉशिंग मशीनला चिकटून, वर झाकणाचा. मशीन गरगरलं की पंत अर्ध्यातून पळायचे. फवारणं हा ट्रेचा तंटा नसतो हे खरं, पण ट्रे असा असेल तर तंट्यात भर पडते. आता दोन आहेत, उघडे, लांब-रुंद, एक आतल्या खोलीत. एका मांजराला दोन, दोनांना तीन, असा हिशेब डॉक्टर सांगतात.

मग खिडकीचं. खालच्या अर्ध्या काचेला दुधी कागद चिकटवला. छज्ज्यावरचा आता दिसत नाही. बाहेरची भिंतही धुतली. गेटापाशी खाऊ घालणं बंद करून पंपाच्या खोलीमागे नेलं, आणि बॅग खुंटीवर गेली.

माळ्याची कल्पना मात्र पूर्ण आत्याची. "त्याला वर चढायला जागा दे. घराचा मालक म्हणवतो तर माडीवर नको बसायला?" माळ्यावर आईची तांब्याची घंगाळं, फुटलेल्या चाकांच्या तीन बॅगा आणि २००९ पासूनचे दिवाळी अंक होते. अंक काढताना जीव तुटला. पंत दुसऱ्या दिवशी कपाटावरून माळ्यावर गेले आणि तिथून आम्हा दोघींकडे अशा नजरेनं पाहिलं की, इतकी वर्षं ही साधी गोष्ट कळली नाही का?

आणखी एक गोष्ट आम्ही दोघींनी मिळून केली. मांजर खूश असलं की गाल घासतं. तो गालाचा वास म्हणजे "इथे सगळं ठीक आहे" असा शेरा. पॅट्रिक पाझा नावाच्या फ्रेंच पशुवैद्यकानं १९९० च्या दशकात त्या वासाची नक्कल तयार केली, ती आता डासांच्या औषधासारखी प्लगमध्ये लावायची मिळते. मी ती आणली होती. आत्याला पटली नाही. "गाल घरात असताना डबी कशाला?" तिनं आपल्या जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा घेतला, पंतांचे दोन्ही गाल हळू पुसले (तिच्याशिवाय कोणाला त्यांनी ते करू दिलं नसतं) आणि तो धुतलेल्या कोपऱ्यांवर मांजराच्या नाकाच्या उंचीवर फिरवला. काही डॉक्टरही हे सुचवतात, हे मी तिला सांगितलं नाही.

गोळीवर मात्र आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. डॉक्टरांनी फ्लुओक्सेटीन लिहून दिलं होतं. माणसांना नैराश्यात देतात तेच, मांजराच्या मापानं.

"वेड्याचं औषध?"

"बेचैनीचं."

"बेचैन तो त्या छज्ज्यावरच्यामुळे आहे. त्याचा बंदोबस्त कर."

"करतेच आहे. पण तो आला नाही तरी याला महिनाभर वाटत राहणार की तो येईल. तुझं बीपी मोलकरीण आली नाही म्हणून वाढतं. ती आली की गोळी बंद करतेस का?"

"माझी मोलकरीण नाही."

"उदाहरण आहे गं."

फवारणाऱ्या मांजरांवर या औषधाचा चांगला गुण येतो. मात्र आठवडे लागतात, काही महिने द्यावं लागतं, आणि थांबवायचं तेही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. भूक मंदावली तर कळवायचं. घरातल्या कोणाची गोळी मोडून द्यायची नाही. एवढं सांगूनही आत्या म्हणाली, "मी असेपर्यंत देऊ नकोस." मी दिली नाही. ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. गोळी मी दुसऱ्या आठवड्यात सुरू केली, आणि तिला फोनवर महिनाभर सांगितली नाही.

राहिला तो काळा-पांढरा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, ही म्हण ज्यानं केली त्यानं खरा बोका पिंजऱ्यात पकडून पाहिलेला नसावा. तीन रात्री गेल्या. पहिल्या रात्री सुरमई खाऊन गेला, दुसऱ्या रात्री वॉचमनची चप्पल अडकली, तिसऱ्या रात्री सापडला. त्याचं ऑपरेशन झालं, त्याच पंपाच्या खोलीमागे त्याला परत सोडलं. आता कमी हिंडतो. मला ओळख दाखवत नाही.

डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर सहीला त्या तारखेखाली मी पेन्सिलीनं "स" लिहीत आले. जुलैच्या पानावर तेवीस आहेत. ऑगस्टच्या चौदा, त्यांतले अकरा पहिल्या पंधरवड्यातले. सप्टेंबरमध्ये सहा. आत्या म्हणते, माळ्यामुळे. मी म्हणते, गोळीमुळे. डॉक्टर म्हणतात, इतक्यात काही बंद करू नका. ऑक्टोबरमध्ये दोन आहेत, चपलांच्या कपाटावर, आणि त्यातला एक लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा.